ग्वामाच्या शाळेतून बोलतोय

१

एलियुतने फेकलेली पहिली बाटली झाडावरून पलीकडे जायच्या ऐवजी शाळेच्या पत्र्यावर जाऊन धाडकन आदळली.

“झालं समाधान?” निल्सा खालून म्हणाली. “अख्ख्या वादळाला जो पत्रा उडवता आला नाही, तो आता तू फोड.”

“नेम बरोबर होता. पत्रा मध्ये कडमडला.” एलियुतने पाण्याने भरलेली ती बाटली दोरीने परत ओढून घेतली, बोट ओलं करून वारा मोजल्यासारखं केलं आणि पुन्हा भिरकावली. या खेपेला ती फांदीवरून सुळकन पलीकडे उतरली. बाटलीमागे दोरी गेली आणि दोरीमागे एरियलची तार. ओसरीत बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वादळ गेल्यापासून टाळी वाजवावी असं त्यांच्यापुढे काही घडलंच नव्हतं.

निल्सा क्रेस्पो बायामोन शहरात बेकरी चालवायची. तिचा धाकटा भाऊ एलियुत लिफ्ट दुरुस्त करायचा. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा, नाद दोघांना वडिलांनी लावला होता. वडील गेले, नाद राहिला. इतर वेळी सुट्टीच्या दिवशी लांबलांबच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. पण वादळाने बेटावरचे सगळे फोनचे मनोरे आडवे केले, आणि मग ज्यांच्या घरी असले संच होते त्यांना बोलावणी यायला लागली. डोंगरातल्या ग्वामा आरीबा गावाचा कुणाशीच संपर्क नाही, तिथे कुणी जाईल का, असं विचारल्यावर निल्सा हो म्हणाली. एलियुत म्हणाला, “हिला एकटीला पाठवलं तर आई मला घरात घेणार नाही.”

जीपने त्यांना तुटलेल्या पुलापर्यंत सोडलं. पुढे दोरी धरून नदी, आणि मग चढण. गावातल्या लोकांनी बॅटरी आळीपाळीने खांद्यावर वाहून आणली. डोंगर हिरवे असायचे, ते आता जाळल्यासारखे तपकिरी दिसत होते. एका झाडावर पान म्हणून उरलं नव्हतं.

शाळा डोंगराच्या सोंडेवर होती. ओळीने तीन वर्ग, एका टोकाला स्वयंपाकघर, पुढे हिरव्या कठड्याची ओसरी, मग अंगण. अंगणापलीकडे पोरांचं खेळायचं मैदान होतं. ते निम्मं शिल्लक होतं. उरलेलं निम्मं दरड होऊन खाली दरीत गेलं होतं.

तार झेंड्याच्या खांबावर मधोमध टांगून तिची दोन टोकं दोन्हीकडे ताणून बांधली. मधल्या वर्गात मुलांच्या बाकावर संच मांडला, बॅटरी जोडली, खिडकीबाहेर तिला भरायला उन्हावर चालणारं सौर पॅनल ठेवलं. निल्साने कानांवर हेडफोन चढवले आणि बटण हळूहळू फिरवलं. खरखर, शिट्ट्या, खरखर, आणि शहरातल्या त्यांच्या हॅमवाल्या मित्राचा एकदम स्वच्छ आवाज आला:

“ग्वामा, ग्वामा, बायामोनहून किंतीन बोलतोय. निल्सा, ऐकू येतंय का गं?”

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “येतंय, किंतीन. अगदी शेजारी बसल्यासारखं.”

२

पहिलं काम औषधाचं होतं. शाळेतल्या स्वयंपाकीण डोन्या प्रोवी, म्हणजे प्रोवीबाई, यांची मुलगी लिमारी मधुमेहाची रोगी होती. तिचं घर पुरात गेलं, त्याबरोबर इन्सुलिनही गेलं. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, श्वास भराभर. सारखं पाणी मागत होती.

किंतीनने चौकशी करून उलट निरोप दिला. “औषध घेऊन हेलिकॉप्टर निघतंय. तिला घेऊनही जातील. पण डोंगरात धुकं उतरायला लागलंय म्हणे. पायलट जवळ आला की तुमच्याच लहरीवर हाक मारेल, तुम्ही त्याला वाट सांगा. तोवर काही झालं तरी संच बंद करू नका.”

“नाही करत,” निल्सा म्हणाली.

मग सगळ्यांना ऐकू यावं म्हणून निल्साने हेडफोन काढून स्पीकर लावला आणि खुशालीचे निरोप सुरू झाले. लोकांनी बाकासमोर रांग लावली. प्रत्येकाला आपापल्या माणसांना पुष्कळ सांगायचं असतं, पण बॅटरी तेवढं सोसत नाही. म्हणून हॅमवाल्यांनी एक वाक्य ठरवून टाकलं होतं. नाव सांगायचं, आणि पुढे एवढंच: ‘बरी आहे, काळजी नसावी.’ पहिला मान डोन्या प्रोवींचा. त्यांची बहीण पोन्से शहरात होती.

“ग्वामा आरीबाच्या शाळेतून निल्सा क्रेस्पो बोलतेय,” निल्साने माइकवर सांगितलं. “प्रोविदेन्सिया आर्सेलाय इथे आहेत. बऱ्या आहेत. काळजी नसावी.”

किंतीनने ते पुन्हा म्हणून दाखवलं. डोन्या प्रोवींनी क्रॉसची खूण केली आणि त्या कॉफी करायला निघून गेल्या.

रांगेत पुढचे होते म्हातारे डॉन आन्सेल्मो. कॉफीच्या मळ्यात जन्म गेलेला, बायको कधीच वारलेली, आणि गावभर कुरकुरीसाठी प्रसिद्ध. ते बाकाशी येऊन खाकरतायत तोच रेडिओत दुसरा एक आवाज उमटला. पुरुषाचा, शांत, थोडा दाबल्यासारखा, जसं कुणी भिंतीपलीकडून बोलावं.

“ग्वामा आरीबाच्या शाळेतून बोलतोय. आन्सेल्मो मायसोनेत इथे आहेत. बरे आहेत. काळजी नसावी.”

निल्साने एलियुतकडे बघितलं. एलियुतने डॉन आन्सेल्मोंकडे बघितलं.

“काय हो, तुमचा निरोप तुमच्याआधीच गेला!”

“मी तिकडं आहे?” म्हातारे म्हणाले. “मग विचार त्यांना, तिकडं कॉफी कशी आहे. इथली तर गाढवसुद्धा पिणार नाही.”

“गाढव रोज दोनदा मागून पितं!” स्वयंपाकघरातून डोन्या प्रोवी ओरडल्या, आणि सगळी ओसरी हसली.

निल्साही हसली. दुसरा कुणी हॅमवाला शेजारच्या गावात उतरला असेल, कानावर पडलेली नावं सांगत असेल, गावाचं नाव चुकला असेल. असं होतं. तरी तिने डोन्या प्रोवींना विचारलं, “ग्वामात दुसरी शाळा आहे का हो? खालच्या अंगाला?”

“खालच्या अंगाला नदी आहे,” त्या म्हणाल्या. “शाळा ही एवढीच.”

३

दुपारचं जेवण म्हणजे भात आणि डब्यातले सॉसेज. निल्सा थाळी घेऊन ओसरीत आली तेव्हा डॉन आन्सेल्मो बाकावर बसले होते. थाळी मांडीवर, हात थाळीच्या दोन्ही बाजूंना. खात नव्हते. दरीकडे तोंड करून बसले होते.

“जेवा की, डॉन आन्सेल्मो.”

ते वळले. चेहऱ्यावर हसू होतं. नीटनेटकं, फोटो काढताना करतात तसलं.

“बरा आहे,” ते म्हणाले. “काळजी नसावी.”

निल्साला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. ती हसली. “तिकडची कॉफी कशी होती?”

“बरा आहे. काळजी नसावी.”

आवाज त्यांचाच होता. पण सकाळचा त्या आवाजातला घसा, ती खरखर, ते प्रत्येक शब्दाला हिसका देणं कुठेच नव्हतं. तिने त्यांचा हात हातात घेतला. हात गार नव्हता, तापलेलाही नव्हता. नाडी नीट चालली होती.

थकवा, तिने स्वतःला सांगितलं. माणूस वादळाच्या वेळी घट्ट उभा राहतो आणि मदत आली की कोसळतो. बेकरीतल्या एका पोरीचं भाऊ वारल्यावर असंच झालं होतं. दोन दिवस नुसती ‘हो’ म्हणत होती.

ती स्वयंपाकघरात गेली. डोन्या प्रोवी चुलीपुढे उभ्या होत्या, पण चुलीकडे बघत नव्हत्या.

“त्यानं कॉफी प्यायली,” त्या हळूच म्हणाल्या. “सगळी. आणि मला कप परत दिला. हसून.”

“मग चांगलंच आहे की.”

“पोरी, चाळीस वर्षं मी त्या माणसाला कॉफी देतेय. एकदा तरी नाव ठेवल्याशिवाय कप परत दिलाय का विचार कुणालाही.” त्यांनी गळ्यातला क्रॉस चाचपला. “तो आन्सेल्मो नाही.”

“मग कोण?”

डोन्या प्रोवींनी तो रिकामा कप उचलला आणि पुन्हा धुवायला घेतला. चुलीवरचं पाणी उकळून आटत राहिलं.

४

धुकं दरीतून वर चढलं. आधी मैदानाची तुटलेली कड दिसेनाशी झाली, मग मैदान, मग झेंड्याचा खांब नुसता उभ्या रेघेसारखा राहिला. किंतीनचा आवाज ऐकू येईना. हेलिकॉप्टर निघालं का, परत फिरलं का, काही कळायला मार्ग नाही. निल्सा स्पीकर बंद करून, हेडफोन कानांवर दाबून हाका मारत राहिली. उत्तराला फक्त खरखर.

त्या खरखरीत कोंबडा आरवला.

तिने हेडफोन काढून कान दिला. बाहेर चिडीचूप. गावातल्या कोंबड्या वादळात गेल्या होत्या, हे सकाळीच कुणीतरी सांगितलं होतं. तिने हेडफोन पुन्हा चढवले. कोंबडा परत आरवला, आणि मागे माणसांची कुजबुज, भांड्यांचे आवाज. मग एखादं मोठं झाकण पडावं तसा खणखणाट झाला.

दोन क्षणांनी इथल्या स्वयंपाकघरात डोन्या प्रोवींच्या हातून मोठ्या पातेल्याचं झाकण पडलं.

“ऐकलंस?” तिने एलियुतला विचारलं.

“झाकण पडलं. त्यात काय?”

“आधी रेडिओत पडलं.”

“माइकचं बटण दाबलेलं राहिलं असेल. आपलाच आवाज आपल्याला आला.”

“आपला आवाज आपल्याला आधी कसा येईल, एलियुत?”

तिने स्पीकर लावला. एलियुत काही बोलणार तोच तो शांत आवाज पुन्हा आला.

“ग्वामा आरीबाच्या शाळेतून बोलतोय. लिमारी आर्सेलाय इथे आहे. बरी आहे. काळजी नसावी.”

एलियुतचा चेहरा उतरला. तो संचामागे गेला आणि एरियलची केबल फिरवून काढून टाकली. आता संच बहिरा व्हायला हवा होता. कुठल्याच तारेशी त्याचा संबंध उरला नव्हता. खरखर थांबली. पण कोंबडा आरवलाच. उलट आता जास्त स्वच्छ ऐकू आला.

“एवढ्या जवळून?” एलियुत पुटपुटला. “अगं, हे तर वर्गातच बसल्यासारखं...” त्याने केबल घाईघाईने परत जोडली, जणू उघडं राहिलेलं दार लावावं.

शेजारच्या वर्गात डोन्या प्रोवी मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. दोघं धावत गेले. लिमारी भिंतीपासून सरकून ताठ बसली होती. श्वास संथ झाला होता. पाण्याचा पेला तिने बाजूला ठेवून दिला होता.

“पाणी नको म्हणते,” डोन्या प्रोवी म्हणाल्या. “सकाळपासून घशाला कोरड, कोरड म्हणून जीव काढत होती. लिमारी! माझ्याकडे बघ. आई आहे मी.”

लिमारीने बघितलं. नीटनेटकं हसली.

“बरी आहे. काळजी नसावी.”

डोन्या प्रोवी उठल्या आणि सरळ निल्सासमोर येऊन उभ्या राहिल्या. लहानखुरी बाई, पण निल्सा एक पाऊल मागे सरली.

“ते यंत्र बंद कर.”

“डोन्या प्रोवी, हेलिकॉप्टर...”

“बंद कर म्हणते ना! ते नावं घेतं आणि माणसं नेतं. दिसत नाही तुला?”

“बंद केलं तर पायलटला आपण सापडणार नाही. या धुक्यात तो परत जाईल. लिमारीला औषध मिळालं नाही तर...” ती लिमारीकडे वळली. “तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते करते.”

डोन्या प्रोवींनी मुलीकडे वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिथेच जमिनीवर बसल्या आणि ओंजळीत तोंड लपवलं.

“राहू दे सुरू,” त्या म्हणाल्या.

५

“मी बोलतो त्यांच्याशी,” एलियुत म्हणाला. “कोण आहेत ते तरी कळू दे. हा असला थट्टेचा प्रकार असेल तर तोंडातून शिव्या कशा येतात तेही कळू दे त्यांना.”

“नाव सांगू नकोस,” निल्सा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. सुशिक्षित बाई, वीज कशी वाहते आणि लहरी कशा पसरतात हे समजणारी, आणि आपण डोन्या प्रोवींसारखं बोलायला लागलो. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

एलियुतने माइक घेतला. “कोण बोलतंय? तुमची शाळा कुठली? ग्वामाच्या शाळेत आम्ही बसलोय. तुम्ही कुठे आहात?”

थोडा वेळ कुजबुज ऐकू आली. भांडी. कुणाचं तरी खोकणं. ते खोकणं डॉन आन्सेल्मोंचं होतं. निल्साने शपथेवर सांगितलं असतं. ती ओसरीकडे धावली. डॉन आन्सेल्मो बाकावर होते, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर तेच हसू.

ती परत आली तेव्हा तो शांत आवाज विचारत होता, “आपण कोण बोलताय?”

सवय वाईट असते. हॅमवाल्याला कुणी कोण बोलताय विचारलं की जीभ आपोआप वळते. वर्षानुवर्षं हेच केलेलं असतं.

“एलियुत क्रेस्पो,” तो म्हणाला, आणि जीभ चावली.

“एलियुत क्रेस्पो,” आवाज म्हणाला. “हो. इथे आहेत. बरे आहेत. काळजी नसावी.”

एलियुतने स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. “हे बघ, आहे मी. दुखतंयसुद्धा. बघ, निल्सा, लहानपणी तू मला शेळीच्या गोठ्यात कोंडलं होतंस. आईला अजून सांगितलं नाही मी. आता तर नक्की सांगणार. आलं लक्षात? मीच आहे.”

“एलियुत, इथंच बस. माझ्याजवळ.”

“धुक्यानं तार ओली होऊन खाली आली असेल, म्हणून किंतीन येत नाहीये. ताण देऊन येतो. खांबापर्यंत तर जायचंय, दिसतोय की.”

“मी येते.”

“आणि पायलटनं हाक मारली तर? बस तू. मी बोलत बोलत जातो, म्हणजे झालं ना?”

तो खरंच बोलत गेला. अंगणातून त्याचा आवाज येत राहिला: गाठ ओली झालीय, चिखल किती आहे, आईच्या हातची केळ्याची भजी आठवतायत, घरी गेल्यावर अख्खं ताट संपवणार आहे. निल्सा एक कान हेडफोनकडे आणि एक अंगणाकडे ठेवून बसली. तो बोलतोय तोवर ठीक आहे, असं धरून. भज्यांवरून तो मिठावर आला, आईला अलीकडे मीठ कळत नाही असं म्हणाला, आणि मग थांबला.

“एलियुत?”

चिखलातून पावलं आली. तो दारात उभा राहिला. केस ओले, हातात दोरी. त्याने पाय नीट पुसले. एलियुतने आयुष्यात कधी दारात पाय पुसले नव्हते.

“आईच्या हातची भजी,” निल्सा म्हणाली. “पुढं काय म्हणत होतास?”

तो आला, तिच्या शेजारच्या बाकावर बसला, हात मांडीवर ठेवले आणि हसला.

६

ती रडली का, हे तिला नंतर आठवेना. आठवलं ते एवढंच की ती त्याला गदागदा हलवत होती, आणि तो हलू देत होता.

मग बाहेर डोन्या प्रोवींची हाक ऐकू आली. घाबरलेली नव्हे. आनंदाची.

निल्सा ओसरीत आली. डोन्या प्रोवी अंगण ओलांडून चालल्या होत्या, दोन्ही हात पुढे करून. त्यांच्यापुढे धुकं पातळ झालं होतं, आणि त्या पातळ जागेत ऊन दिसत होतं. दुपारचं पिवळं, निखळ ऊन. उन्हात हिरवा कठडा होता. कठड्यामागे ओसरी, ओसरीत पाठमोरी माणसं. एक म्हातारा हातवारे करत कुणाला तरी कपातलं दाखवत होता. भिंतीशी एक पोरगी पेल्यामागून पेले पाणी पीत होती. उघड्या दारातून आतला वर्ग दिसत होता. बाकावर संच, आणि संचापुढे पाठमोरी बसलेली, हेडफोन घातलेली एक बाई. ती हलत नव्हती. तिच्यासमोर एक माणूस उकिडवा बसला होता, आणि तिच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला हलवत होता.

निल्साला त्या बाईच्या पाठीवरचा शर्ट दिसला. निळा, खांद्याला पिठाचा न निघणारा डाग. तिने मान खाली घालून स्वतःच्या अंगावर बघितलं नाही. बघण्याची गरज नव्हती.

“लिमारी!” डोन्या प्रोवी म्हणाल्या आणि धावत सुटल्या.

तेव्हा निल्साच्या लक्षात आलं की जिथे तो कठडा दिसतोय तिथे जमीन नाही. तिथे मैदानाची तुटकी कड आहे, आणि खाली दरी.

ती तशीच धावली. चिखलात पडली, उठली, आणि कडेवर डोन्या प्रोवींच्या कमरेला तिने मिठी मारली. दोघी मागे आदळल्या. डोन्या प्रोवींच्या पायाखालचा मातीचा लपका सुटला. तो खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

“सोड मला! ती बघ, ती तिथं आहे, पाणी पितेय ती, सोड!”

“तिथं काही नाही, डोन्या प्रोवी. तिथं खाली दरी आहे.”

“मी तिला बघितलं!”

“मीही बघितलं,” निल्सा म्हणाली, आणि सोडलं नाही.

धुकं पुन्हा दाट झालं. दोघी चिखलात तशाच एकमेकींना धरून बसल्या. ओसरीतून दोन चेहरे त्यांच्याकडे बघत होते, म्हाताऱ्याचा आणि पोरीचा. मग दारातून तिसरा येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. तिघांच्याही चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच.

गावातले बाकीचे लोक कुठे गेले, हे निल्साला तेव्हा कळेना. सकाळी रांगेत बरीच माणसं होती. ती घरी गेली असतील, असं तिने धरलं. त्यांतल्या किती जणांनी जाताना ‘काळजी नसावी’शिवाय काही म्हटलं होतं, हे आठवायचा तिने प्रयत्न केला नाही.

७

रेडिओतून कुणीतरी तिच्या नावाने ओरडत होतं. हेडफोन बाकावर पडला होता, स्पीकरमधून आवाज खोलीभर येत होता.

“निल्सा! निल्सा, ऐकतेस का? उत्तर दे गं!”

ती माइकवर झेपावली. “एलियुत?”

“अगं देवा! निल्सा! कुठं आहेस तू?”

“शाळेत. ग्वामाच्या शाळेत, मधल्या वर्गात. तू कुठं आहेस?”

पलीकडे तो थांबला. कोंबडा आरवला. डॉन आन्सेल्मो मागे कुणावर तरी खेकसत होते, की साखर घालायची तर चमच्यानं घाला, खोऱ्यानं घालू नका.

“मीही मधल्या वर्गात आहे,” एलियुत म्हणाला. “निल्सा, तू माझ्यासमोर बसलीयस. सकाळपासून. तू रेडिओवर तुझं आणि डोन्या प्रोवींचं नाव सांगताना आम्ही ऐकलं, आणि तेव्हापासून त्या वेगळ्याच वागताहेत. आणि तूही. काही विचारलं की एकच बोलतेस.”

“ते मला सांगू नकोस.” ती शेजारच्या बाकाकडे बघायचं टाळत होती. तिथे तो येऊन पुन्हा बसला होता. “लिमारी कशी आहे?”

“तिला फार त्रास होतोय. पण आता... थांब, थांब. ऐक!”

तिने ऐकलं. आधी लांबून, मग दणदणत, स्पीकरचा पडदा फाटेल एवढ्या जोराने. हेलिकॉप्टर. पलीकडे लोक ओरडायला लागले, टाळ्या वाजायला लागल्या. कुणीतरी पायलटला हाका मारत होतं. निल्सा खिडकीपाशी जाऊन वर बघत राहिली. इथल्या आभाळात काहीच नव्हतं. पानसुद्धा हलत नव्हतं. पण हलायला पानं होतीच कुठे.

“उतरलं!” एलियुत ओरडला. “औषध आणलंय, निल्सा! टोचतायत तिला, इथंच, ओसरीत! सगळ्यांना नेतायत. तुलाही नेतो मी. आईकडं.”

“एलियुत, ऐक. ती मी नाही. जी तुझ्यासमोर बसलीय ना, तिला नको नेऊस आईकडं.”

“मग काय करू? तुला इथं डोंगरात सोडून जाऊ?” त्याचा आवाज फुटला. “तुझाच चेहरा आहे, निल्सा. तुझे हात आहेत. पीठ मळून मळून राठ झालेले. नाडी चाललीय. आईला काय सांगू मी?”

शेजारी बसलेल्याचाही चेहरा एलियुतचाच होता. त्यालाही ती दरीत ढकलू शकली नसती.

“ते बोलावतायत,” तो म्हणाला. “मी बोलत राहतो. उतरल्यावर पुन्हा संच लावतो, तू ऐकत राहा, ऐकतेस ना? चल, ऊठ निल्सा. ऊठ बाई. धर माझा हात. पाय उचल...”

हे तो तिच्याशी बोलत नव्हता. पावलं लांब गेली. पंख्यांचा गडगडाट वाढला, वर उचलला गेला, आणि बारीक होत होत खरखरीत मिसळला. मग खरखरही गेली. बॅटरी अजून भरलेली होती, काटा जागच्या जागी होता. ऐकायला मात्र काही उरलं नव्हतं.

डोन्या प्रोवी दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. चिखलाने भरलेल्या, केस सुटलेले.

“माझ्या पोरीला औषध मिळालं?” त्यांनी विचारलं.

“मिळालं,” निल्सा म्हणाली. “टोचलं. घेऊन गेले तिला.”

“नक्की?”

“मी ऐकलं, डोन्या प्रोवी.”

डोन्या प्रोवींनी डोळे मिटले आणि चौकटीचा आधार घेतला. मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला, केस बांधले, आणि वर्गात, ओसरीत, धुक्यात एकदा नजर टाकली.

“आणि आपल्याला न्यायला कोण येणार?”

निल्साने माइक उचलला, पण बटण दाबलं नाही. दाबलं की आधी नाव सांगावं लागतं.